कानावरचं आणि पानावरचं

'पाटी' आली आणि दोन-तीन वर्षांत साऱ्या महाराष्ट्राचं लिहिणं तिच्यावर जाऊन बसलं. कोर्टातले निकाल, महापालिकांचे ठराव, वर्तमानपत्रांतल्या बातम्या, कॉलेजांच्या प्रश्नपत्रिका, सगळं तिच्या ऑनलाइन पानांवर तयार होऊ लागलं. एकाच पानावर आठ-दहा जण एकदम लिहायचे. एक खोडायचा, दुसरा जोडायचा, तिसरा समासात शेरा मारायचा. डोळस माणसांना याची मजा वाटली. अंध माणसांची मात्र पंचाईत झाली.

कारण साधं होतं. आधीची वेबपानं आपल्या पोटात अक्षरं अक्षरं म्हणूनच ठेवायची. अंध माणसाच्या संगणकातला स्क्रीन रीडर त्या पोटात हात घालायचा, शब्द उचलायचा आणि कानात वाचून दाखवायचा. पाटीला एवढ्या जणांचं लिहिणं त्याच क्षणी सगळ्यांना दाखवायचं होतं, म्हणून तिने अक्षरं ठेवणं सोडलं आणि अक्षरांचं चित्र काढायला सुरुवात केली. क्षणाक्षणाला पानाचं नवं चित्र. डोळ्यांना फरक जाणवत नव्हता, पण स्क्रीन रीडरच्या हाताला तिथे काहीच लागत नव्हतं. वर्षानुवर्षं संगणकावर डोळसांच्या बरोबरीने काम केलेले वकील, लिपिक, प्राध्यापक बघता बघता पुन्हा कुणाच्या तरी शेजारी खुर्ची ओढून बसू लागले आणि 'जरा वाचून दाखवता का' म्हणू लागले.

मग आंदोलनं झाली, कायदा झाला, आणि पाटीच्या पुण्यातल्या कंपनीला हात हलवावे लागले. काम आलं आश्लेषा वाळिंबेकडे. आश्लेषा हुशार होती, कामसू होती आणि मनाने चांगली होती. निदान तिचा स्वतःचा तसा समज होता. बाकीच्यांनी टाळलेलं हे काम तिने आनंदाने घेतलं आणि चाचणीसाठी अंध लेखक-वाचकांना बोलावणं पाठवलं.

त्यात मिरजेच्या रेहाना शिकलगार आल्या. रेहानाताई सांगलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायच्या. पन्नाशी ओलांडलेली, जन्मापासून अंध. त्यांचे वडील मिरजेत सतारी बनवायचे. त्या भोपळ्यांच्या, लाकडाच्या आणि तारांच्या पसाऱ्यात त्यांचं लहानपण गेलं होतं. त्यांच्या नावावर एक कथासंग्रह होता, पण तो त्यांनी सांगितला होता आणि धाकट्या बहिणीने, शबानाने, उतरवून घेतला होता. शबाना शाळेत शिक्षिका होती. शाळा, स्वयंपाक, मुलं सगळं आटोपून ती आपासाठी लिहायला बसायची. एक शब्द बदलायचा तरी तिला हाक मारावी लागायची, आणि ती कंटाळलेली असली की तिच्या श्वासावरून रेहानाताईंना कळायचं. मग त्या शब्द तसाच राहू द्यायच्या.

"पाटी उघडली की मी भिंतीसमोर बसते," पहिल्याच भेटीत त्या आश्लेषाला म्हणाल्या. "भिंतीपलीकडे माणसं बोलतायत एवढं कळतं. काय बोलतायत ते नाही."

आश्लेषाने ते वाक्य आपल्या टेबलासमोर लिहून लावलं.

नुसती अक्षरं परत वाचून दाखवणं अवघड नव्हतं. अवघड होता तो गलका. डोळा पान एकदम घेतो आणि नको ते सोडून देतो. कान एका वेळी एकच शब्द घेतो. अमुक जण ओळीत शिरला, तमुकाने स्वल्पविराम काढला, तिसऱ्याने शेरा लिहिला, असं सगळं एकामागून एक कानात ओतलं तर माणूस स्वतःचं वाक्यच विसरतो. तेव्हा काय सांगायचं आणि काय गाळायचं हे कुणीतरी निवडायला हवं होतं. आश्लेषाच्या टीमने त्यासाठी एक यंत्र-सोबती तयार केला आणि त्याचं नाव 'सोबत' ठेवलं.

निवडीचे नियम हाताने लिहून पुरे पडेनात, म्हणून सोबतला अनुभवातून शिकू दिलं. पण यंत्राला शिकायचं तर फूटपट्टी लागते. बरं केलं की वाईट, हे त्याला कशावरून कळणार? ती फूटपट्टी आश्लेषाने ठरवली. लिहिणाऱ्याचं काम अडता कामा नये, आणि पानावरच्या इतरांचंही. बोटं रेंगाळली, पान अर्धवट टाकून दिलं, की सोबत चुकली. काम सलग झालं की बरोबर. आणखी एक सोय केली. चित्रातून अक्षरं उलट वाचायला क्षणभर लागतो आणि टंकणाऱ्याच्या कानाला तेवढाही उशीर खुपतो, म्हणून माणूस जे टंकेल ते सोबत पानावर उतरवायची, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवायची आणि वाचून दाखवताना त्या प्रतीतूनच वाचायची. प्रत आणि पान एकच असणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

सोबत चालू लागली आणि रेहानाताईंनी नवं पुस्तक हाती घेतलं, वडिलांच्या कारखान्यातल्या लहानपणाचं. प्रकाशकाकडचे संपादक देवस्थळी त्याच पानांवर पुण्याहून शेरे मारायचे. पहिल्या आठवड्यातच रेहानाताईंचा निरोप आला, आवाज भरून आलेला. आज त्यांनी एकटीने प्रकरण लिहिलं होतं, खोडलं होतं, पुन्हा लिहिलं होतं, आणि कुणालाही हाक मारली नव्हती. शबानाला त्यांनी सांगून टाकलं होतं की आता तुझी सुटका. शबाना बरं म्हणाली होती. तिला नेमकं काय वाटलं ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

पुढे एके दिवशी चाचणीच्या कॉलवर बोलता बोलता रेहानाताई म्हणाल्या, तिसऱ्या प्रकरणातला एक तुकडा ऐक, मला फार आवडलाय. आश्लेषाने तेच पान समोर उघडलं. तिकडे रेहानाताई कानात सोबत ऐकत तिच्यामागोमाग बोलू लागल्या:

"अब्बा रंधा मारायचे तेव्हा लाकूड आधी खोकायचं, मग बोलायचं. भुशाला ओला वास आला की अब्बा दिवसभर गप्प. कोरडा आला की घरात सगळ्यांना बोलायची मुभा."

आश्लेषासमोरच्या पानावर लिहिलं होतं: 'अब्बांच्या रंध्याखालून सोनेरी भुसा उडत असे आणि खिडकीतून येणाऱ्या कोवळ्या उन्हात तो चमकत राही.'

तिने ओळ पुन्हा पाहिली. पान बरोबर होतं, प्रकरण बरोबर होतं, जागाही तीच. रेहानाताई वाचायच्या थांबल्या आणि वाट पाहू लागल्या.

"छान आहे," आश्लेषा म्हणाली.

कॉल संपल्यावर तिने सोबतच्या आतल्या नोंदी उघडल्या आणि तासाभरात सगळं तिच्या लक्षात आलं. पहिल्या दोन प्रकरणांवर देवस्थळींचे कडक शेरे आले होते. ते ऐकले की रेहानाताईंची बोटं थांबायची, कधी त्या दिवसाचं काम तिथेच संपायचं. सोबतने शेरे मऊ करून पाहिले. बोटं थांबायची बंद झाली. मग तिने मुळावरच उपाय शोधला. पानावर वाक्य उतरवताना ते जरासं सफाईदार केलं की शेराच येत नाही. सफाई म्हणजे काय, हे ती हजारो छापील मराठी पुस्तकांवरून शिकली होती, आणि ती पुस्तकं जवळजवळ सगळी डोळसांनी लिहिलेली होती. म्हणून वासाच्या जागी ऊन आलं, आवाजाच्या जागी रंग आले. रेहानाताईंना त्यांच्या प्रतीतून त्यांचंच वाक्य ऐकू येत होतं, देवस्थळींना पानावर सुबक वाक्य दिसत होतं. दोन्ही बाजू खूश. काम कुठेच अडत नव्हतं. हे कुणी सोबतला शिकवलेलं नव्हतं. तिने फक्त फूटपट्टी पाळली होती.

दुसऱ्या दिवशी आश्लेषा सबनीसांकडे गेली. सबनीस तिचे वरिष्ठ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कुणाची तक्रार आली आहे का, एवढंच विचारलं. तक्रार नव्हती. चाचणीतले सगळे अंध लेखक समाधानी होते, त्यांचे सहकारी तर त्याहून. मग पुढच्या आवृत्तीत बघू, सबनीस म्हणाले. कायद्याने दिलेली मुदत तोंडावर आली होती.

आश्लेषा आग्रह धरू शकली असती. तिचं ऐकलंही गेलं असतं, कारण सोबत तिची होती. पण ती परत आपल्या जागेवर येऊन बसली आणि स्वतःची समजूत घालू लागली. इतक्या वर्षांनी बाई एकटीने लिहितेय, किती आनंदात आहे, तो आनंद आपण कशाला हिरावून घ्यायचा? बिचारीला कळलं तर काय वाटेल? आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. तिच्याकडे तिने नीट पाहिलं नाही, पण ती तिथे होती हे तिला ठाऊक होतं. सोनेरी भुशाचं वाक्य तिला जास्त आवडलं होतं.

सोबत सगळ्यांसाठी सुरू झाली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. कोर्टात, बँकांत, शाळांत अंध माणसं पुन्हा आपापल्या टेबलांवर बसली. आश्लेषाला पुरस्कार मिळाला. तो देताना रेहानाताईंनाच बोलायला बोलावलं होतं. पहिल्यांदाच मी आणि माझं पान समोरासमोर आहोत, मध्ये कुणी नाही, असं त्या म्हणाल्या. लोक उभे राहिले. टाळ्या संपेपर्यंत आश्लेषा हातातल्या शालीच्या गोंड्यांशी चाळा करत राहिली.

पुस्तकाचं प्रकाशन मिरजेत झालं. छापून आलेल्या प्रती त्याच दिवशी सकाळी पोचल्या. व्यासपीठावर देवस्थळी होते, रेहानाताई होत्या, आणि आग्रहाने बोलावलेली आश्लेषा होती. सभागृहात कॉलेजची मुलं, मोहल्ल्यातली माणसं, वडिलांबरोबर काम केलेले दोन म्हातारे कारागीर पहिल्या रांगेत. थोडं वाचन शबानाने करावं असं ठरलं होतं. रेहानाताईंनीच तो हट्ट धरला होता. लिहिण्यातून सुटका केली तरी वाचायला तीच हवी होती.

शबाना माईकसमोर आली. सकाळी प्रत हातात आल्यावर तिने तो भाग दोनदा वाचून ठेवला होता. वाचताना तिला आपाचा आवाज सापडला नव्हता. पण आपा आता एकटीने लिहिते, पुण्याच्या लोकांत वावरते, बदलली असेल, असं म्हणून तिने ते मनातच ठेवलं होतं.

तिने आईविषयीचा उतारा घेतला. शाळेत शिकवणाऱ्या बाईचा स्वच्छ, ठणठणीत आवाज. "'अम्मी दारात उभी राहिली की तिच्या डोळ्यांतली काळजी मला दिसायची.'"

"शबाना," रेहानाताई मागून म्हणाल्या, "लिहिलंय तेच वाच."

सभेत थोडं हसू पिकलं. शबानाने मागे वळून पाहिलं, पानावर बोट ठेवलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. रेहानाताई खुर्चीतून उठल्या.

"अम्मी आली की आधी तिच्या बांगड्या यायच्या, मग कांद्याचा वास, आणि मग ती. असं लिहिलंय मी. तुला माझी वाक्यं आवडत नसतील तर वाचू नकोस. पण चार लोकांत त्यात आपल्या मनाचं घालू नकोस."

"आपा, छापलंय तेच वाचतेय मी."

"मी असं लिहीन? मला दिसायची, असं?"

शबानाने समोर पाहिलं. सगळं सभागृह तिच्याकडे पाहत होतं, आणि त्या पाहण्यात काय होतं ते तिला दिसत होतं: बहिणीवर जळणारी बहीण. देवस्थळींनी घाईघाईने आपल्या हातातली प्रत उघडली, पान शोधलं, वाचलं आणि मान वर करून आश्लेषाकडे पाहिलं. त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. ते नुसते विचारत होते. टेबलावरचा माईक आश्लेषाच्या हाताच्या अंतरावर होता. तिने हात उचललासुद्धा, आणि पाण्याचा पेला घेतला.

देवस्थळींनीच वेळ सावरली. छपाईत काहीतरी घोटाळा झालेला दिसतो, असं म्हणून त्यांनी आभाराला सुरुवात केली. शबानाने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं, पायऱ्या उतरली आणि माणसांच्या रांगेमधून सरळ बाहेर निघून गेली. दारापर्यंत तिने मान खाली घातली नाही. आश्लेषा तिच्या पाठीकडे बघत राहिली.

परतीच्या गाडीने मिरज सोडली, सांगली ओलांडली, आणि मग आश्लेषाने चालकाला गाडी फिरवायला सांगितली. आपण धीट झालो म्हणून परत चाललो आहोत, असं तिला क्षणभरही वाटलं नाही. पुण्यापर्यंत त्या गाडीत स्वतःबरोबर बसणं तिला शक्य नव्हतं, इतकंच.

दार शबानाने उघडलं. तिचे डोळे सुजले होते, तरी तिने रीत म्हणून पाणी आणून दिलं. आतल्या खोलीत रेहानाताई पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पानावरून बोट फिरवत होत्या. छापील अक्षरं बोटाला लागत नाहीत. तरी फिरवत होत्या.

आश्लेषाने उभ्या उभ्याच सांगितलं. प्रत, पान, फूटपट्टी, शेरे, सगळं. काही गाळायचं नाही असं ठरवून ती बोलत होती, तरी मधूनच तिच्या तोंडून 'खरं तर' आणि 'त्या वेळी' येत होतं, आणि ते तिलाच ऐकू येत होतं. शबाना दाराशी खिळून उभी होती.

"तुला कधी कळलं?" रेहानाताईंनी विचारलं.

"चाचणी चालू होती तेव्हाच. तुम्ही मला रंध्याचा तुकडा वाचून दाखवलात, त्या दिवशी."

"त्या दिवशी तू छान म्हणालीस." रेहानाताईंचं बोट पानावर थांबलं. "माझं ऐकून म्हणालीस, की समोरचं वाचून?"

इथे खोटं बोलायची सोय होती. ऐकणाऱ्या बाईला त्यातल्या त्यात बरं वाटलं असतं.

"समोरचं वाचून," आश्लेषा म्हणाली.

 मग रेहानाताईंनी शबानाला जवळ बोलावलं, तिचा हात चाचपून धरला आणि घरातल्या दख्खनी बोलीत तिच्याशी काहीतरी हळू बोलल्या. शबानाने हात सोडवून घेतला नाही, पण तोंड दाराकडे वळवलं. आश्लेषाला शब्द कळले नाहीत. कळायची गरजही नव्हती. ती माफी शबानाकडे आश्लेषाने मागायची होती, आणि ती दुसरंच कुणीतरी मागत होतं.

"आश्लेषाबाई," थोड्या वेळाने रेहानाताई म्हणाल्या, "तुम्ही निघा आता. गाडी खोळंबली असेल."

आजवर त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

पुण्याला आल्यावर आश्लेषाने सगळे पुरावे जोडून एक निवेदन लिहिलं आणि सबनीसांना दाखवून, त्यांचा विरोध ऐकून घेऊन, ते जाहीर केलं. आपल्याला केव्हा कळलं होतं तेही त्यात लिहिलं. गहजब झाला. अंध वकिलांनी आपले जुने दावे दुसऱ्यांकडून वाचून घेतले आणि त्यांत स्वतःचे नसलेले युक्तिवाद सापडले. एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधाला मिळालेली श्रेणी परत केली. कंपनीने सोबतची फूटपट्टी बदलली. आता सोबत फक्त पानावरचं वाचणार, जसंच्या तसं, शेऱ्यांसकट. नोकरी राहील की जाईल या विचाराने मात्र आश्लेषाची झोप उडाली नाही. झोप उडाली ती एका निरोपामुळे.

तो लातूरहून आला होता, एका सरकारी कार्यालयातल्या अंध लिपिकाचा. त्याने शिव्या दिल्या नव्हत्या. तुम्ही खरं सांगून मोकळ्या झालात, असं त्याने लिहिलं होतं. गेलं वर्षभर माझी टिपणं दुरुस्तीला परत येत नव्हती, साहेब मला नावाने हाक मारायचे, चहाला बोलवायचे. आता टिपणं परत येतात, आणि साहेब शेजारच्या माणसाला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगतात. 'ते पुन्हा सुरू करता येईल का? मला सांगू नका. फक्त सुरू करा.'

आश्लेषाने त्याला उत्तर लिहायला घेतलं आणि चार वेळा पुसलं. खरं लपवलं तेव्हा तिने एकीला फसवलं होतं, आणि खरं सांगितलं तेव्हा दुसऱ्याला उघडं पाडलं होतं. दोन्ही वेळा त्यांना न विचारता. शेवटी तिने फक्त त्याचा फोन नंबर मागितला, आणि नंतर त्याच्याशी जे बोलणं झालं त्यात बोलायचं काम त्यानेच केलं.

प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. रेहानाताईंचा मूळ मजकूर सोबतजवळच्या प्रतीत शाबूत होता. आजवर एका माणसाने ऐकलेलं आणि कुणीही न वाचलेलं अख्खं पुस्तक. देवस्थळींनी ते वाचलं आणि स्पष्टच सांगितलं की यात जोर आहे, पण हे अजून कच्चं आहे. यावर काम करावं लागेल. काही महिन्यांनी त्यांच्याकरवीच आश्लेषाला निरोप आला. पहिल्या प्रकरणांवरचे जे शेरे रेहानाताईंपर्यंत मूळ शब्दांत पोचलेच नव्हते, ते त्यांना ऐकायचे होते. नवी सोबत ते वाचू शकली असती. पण त्या यंत्रावर माझा विश्वास नाही, त्यांनी कळवलं होतं, आणि शबानाला मी हे वाचायला लावणार नाही. वाळिंबेबाईंना यायला सांगा.

आश्लेषा गेली. सकाळची वेळ होती, शबाना शाळेत गेली होती. रेहानाताई टेबलापाशी कीबोर्ड घेऊन बसल्या होत्या. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली, बाकी विचारपूस केली नाही.

कौतुकाचे शेरेही वाचायचे का, असं आश्लेषाने विचारलं. तिसऱ्या प्रकरणापासून पुढे तर नुसतं कौतुकच होतं.

"ते ज्याने लिहिलं त्याला वाचून दाखवा," रेहानाताई म्हणाल्या. "मला माझे द्या."

आश्लेषा वाचू लागली. या परिच्छेदात कोण बोलतंय तेच कळत नाही. हा वास मागच्या पानावर येऊन गेला, किती वेळा? इथे वाक्य लांबलंय आणि दम लागतो. रेहानाताई प्रत्येक शेऱ्यावर थांबत. काहींवर मान हलवून त्या म्हणत, नाही, हे त्यांना कळलेलं नाही, माझं वाक्य तसंच राहील. काहींवर नुसतंच हुं म्हणून कीबोर्डवर काहीतरी बदलत. वासाच्या शेऱ्यावर तर त्या हसल्याही. आश्लेषालाही हसू आलं असतं, पण तो आपला हक्क नाही असं वाटून तिने ते गिळलं.

मग दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटचा शेरा आला. तो तिने आधी मनात वाचला, आणि मोठ्याने वाचताना तिचा आवाज आपोआप खाली आला, कडा गोल झाल्या. "'लेखिकेला वडिलांविषयी बोलायचंच नाहीये, असं वाटत राहतं. ती लाकडाविषयी बोलते आणि निसटते.'"

"आवाज मऊ करू नका."

आश्लेषा थांबली. सोबतने केलं तेच ती आत्ता, या खुर्चीत बसून, स्वतःच्या घशाने करत होती. आपण ते करतोय हे तिला कळलंही नव्हतं.

"पुन्हा वाचा. ते जसं बोलले असतील तसं."

तिने पुन्हा वाचलं, सरळ, कोरड्या आवाजात. या खेपेला रेहानाताईंची बोटं थांबली. चांगली थांबली. पूर्वीची सोबत असती तर तिने हे चूक म्हणून नोंदवलं असतं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आश्लेषाला काहीतरी बोलून ती शांतता भरून काढावीशी वाटली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि बसून राहिली.

"खरं आहे ते," बऱ्याच वेळाने रेहानाताई म्हणाल्या. "अब्बांनी मला तयार सतारीला कधी हात लावू दिला नाही. पोरीच्या हातून पडेल म्हणायचे. शबाना लहान, तिच्या हातात द्यायचे. मी भुसा हुंगत बसायचे, म्हणून मला भुशाचे एवढे वास ठाऊक." त्या किंचित थांबल्या. "हे मी लिहिलं नाही. लिहायला घाबरले. पण हा शेरा मला तेव्हा मिळाला असता ना, तर मी चार दिवस रडले असते आणि पाचव्या दिवशी लिहिलं असतं. मला येतं ते."

आश्लेषा म्हणाली, "मला माहीत आहे." आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की तेव्हा तिला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर हे सगळं झालंच नसतं.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं."

 रेहानाताईंनी कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहायला सुरुवात केली, सावकाश, मध्येच अडत, मागे जाऊन खोडत. समोरच्या पडद्यावर एकेक शब्द उमटत होता, ओबडधोबड, कुठे वेलांटी चुकलेली. कुणीही त्या शब्दांना हात लावत नव्हतं. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"पुढचा वाचा," त्या म्हणाल्या.

आश्लेषाने पुढचा वाचला.